राहून गेलेलं दीड पान

पिनार देल रिओ,
रविवार, सकाळची कॉफी झाल्यावर

चि. इदाल्मिस,

तुला ओनेलिओकाकाचा आशीर्वाद, दोन्ही हातांनी. (उजव्या हातात पेन आहे, तेव्हा त्या बाजूने आशीर्वाद थोडा कमी पडला तर चालवून घे.) तुझी तब्येत बरी असेल, हवानातल्या तुझ्या त्या खोलीत पाणी रोज येत असेल, जेवण वेळेवर होत असेल, आणि प्रयोगशाळेतले तुझे उंदीरही सुखरूप असतील अशी आशा करतो. उंदरांची चौकशी मी शिष्टाचार म्हणून करत नाहीये. त्यांचा आणि आमचा संबंध आता फार जवळचा झालाय, तो कसा ते पुढे कळेल. इकडे काकू बरी आहे. मिग्दालिया आत्याचे गुडघे होते तसेच आहेत, म्हणजे वाईट आहेत. काकूने तुझ्यासाठी पेरूच्या वड्या केल्यात, त्या पत्रासोबत येतील. त्यातल्या किती तुझ्यापर्यंत पोचतात ते आणणाऱ्याच्या संयमावर आहे, मी हमी घेत नाही.

आता मुद्दा. मी हादरलोय. साधासुधा हादरलेलो नाही, कॉफीत साखरेऐवजी मीठ घातलं आणि अर्धा कप पिऊन झाल्यावर कळलं, इतका हादरलोय. एकतीस वर्षं मी या कारखान्याच्या हॉलमध्ये उंच चौथऱ्यावर बसून, चिरूट वळणाऱ्या दोनशे माणसांना मोठ्याने वाचून दाखवतोय, सकाळी पेपर आणि दुपारी कादंबरी. चक्रीवादळं वाचली, बेसबॉलचे पराभव वाचले, एकदा तर माझ्या सासऱ्यांच्या निधनाची बातमी आधी नजर न टाकता वाचून मोकळा झालो. (आवाज जराही हलला नव्हता. काकू अजून त्यावरून बोलते.) पण माझ्या वाचनाने एखाद्या माणसाच्या जिवावर बेतू शकतं, हे गेल्या आठवड्यापर्यंत माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. आता डोक्यात दुसरं काही येतच नाही.

तू पाठवलेला लेख. हो, तोच, जनुक गप्प करून फुप्फुसाच्या कॅन्सरवर उपचार करता येईल का, त्याबद्दलचा. त्याच्या कपाळावर तू लाल पेनने लिहिलं होतंस, 'काका, हा घरी वाचायचा, हॉलमध्ये नाही.' मी ते वाचलं होतं. चष्मा डोळ्यांवर होता, उजेड भरपूर होता, आणि तू डॉक्टर असूनही तुझं अक्षर लागतं. तेव्हा 'मला दिसलंच नाही' ही सबब मी तुला सांगत नाही. काकूला सांगून पाहिली होती, तिने अर्ध्यातच उडवून लावली.

झालं असं, की सोमवारी आमची कादंबरी संपली. पुढची कोणती वाचायची हे हॉल मतदानाने ठरवतो, ते तुला ठाऊक आहेच. समुद्री चाच्यांच्या पुस्तकाला नव्याण्णव मतं पडली, प्रेमकथेला नव्याण्णव, आणि उरलेलं एक मत क्लोतिल्देचं. (पहिल्या रांगेतली क्लोतिल्दे, चाळीस वर्षं चिरूट वळतेय आणि चाळीस वर्षं बोलतेय. तुला आठवेल, तू लहान असताना तिने तुझ्या वेण्या तंबाखूच्या गठ्ठ्याच्या दोरीने बांधल्या होत्या.) तिने जाहीर केलं, "दोन्ही पुस्तकं भिकार आहेत, माझं मत मी फुकट घालवणार नाही." त्यामुळे मंगळवारी दुपारी तीन ते साडेतीन माझ्याकडे वाचायला काहीच नव्हतं. चौथऱ्यावरचा वाचक अर्धा तास गप्प बसला तर काय होतं ते तू तुझ्या बाबांच्या, म्हणजे आमच्या दादाच्या, बाकाखाली बसून पाहिलंयस. आधी लोक खोकतात, मग गप्पा मारतात, मग कुणाची बायको कुणाबरोबर दिसली ते निघतं, आणि मग दोन दिवस चिरुटं वाकडी निघतात. मी पिशवीत हात घातला. पिशवीत रेशनची वही, चष्म्याचं फडकं आणि तुझा लेख, एवढंच होतं. रेशनची वही सगळ्यांना पाठ आहे.

तर वाचला. आणि काय वाचला म्हणून सांगू. तू काय लिहिलंयस ते तुलाच सांगतो, कारण हॉलने ते कसं घेतलं हे कळल्याशिवाय माझी पुढची फजिती समजणार नाही. तू लिहिलंयस, की पेशीच्या आत हुकमांची मोठी वही असते, ती जागची हलत नाही. हुकमाची नक्कल चिठ्ठीवर उतरते, चिठ्ठी खाली कारखान्यात जाते, तिथे त्याप्रमाणे माल तयार होतो. कॅन्सरच्या गाठीत एखादं जनुक बिघडलेलं असतं, ते 'वाढा, वाढा, थांबू नका' अशा चिठ्ठ्या सोडत बसतं. तुम्ही लोक त्या चिठ्ठीला नेमकी चिकटेल अशी एक छोटीशी उलटी चिठ्ठी बनवता. ती चिकटली, की पेशीतलीच कात्री पुढे येते आणि मूळ चिठ्ठीचे तुकडे करते. वहीतला हुकूम तसाच राहतो, पण खाली पोचतच नाही. आमच्या हॉलला यातलं एक अक्षर समजावून सांगावं लागलं नाही. वरच्या ऑफिसातून जिन्याने खाली येणाऱ्या चिठ्ठ्या झेलण्यातच त्यांचा जन्म गेलाय. मधे तू तंबाखूबद्दल दोन वाक्यं घातलीस, ती मी गाळणार होतो (माझी बुद्धी शाबूत होती, एवढं तरी मान), पण वाचण्याच्या ओघात तीही निसटली. दोनशे माणसांनी हळूच तोंडातलं चिरूट काढून हातात धरलं आणि त्याच्याकडे बघत बसली. थोड्या वेळाने हॉलमधला धूर खाली बसला आणि मला समोरची भिंत दिसली. तिला खिडकी आहे. एकतीस वर्षं मी तिच्याकडे तोंड करून बसतोय, इदाल्मिस, आणि तिथे खिडकी आहे हे मला मंगळवारी कळलं.

आणि आता माझं पाप. मला सवय आहे, गोष्ट जिथे तापते तिथे थांबायचं. साडेतीनची घंटा व्हायला मिनिटभर असलं, की मी नजरेनेच पुढे पळून बघतो, तापलेली जागा गाठतो, आणि नेमका तिथे पुस्तक मिटतो. म्हणजे दुसऱ्या दिवशी कुणी दांडी मारत नाही. ही युक्ती मला माझ्या आधीच्या वाचकाने शिकवली, त्याला त्याच्या आधीच्याने. तर घंटा व्हायला आली तेव्हा मी या वाक्यावर होतो, की बारापैकी नऊ उंदरांच्या फुप्फुसातली गाठ अठ्ठावीस दिवसांत ओसरली. मी एक श्वास घेतला, हॉलकडे पाहिलं, आणि पानं मिटली. दोनशे सुऱ्या एकदम बाकांवर वाजल्या. तंबाखूची पानं कापायच्या सुऱ्या बाकावर आपटल्या म्हणजे पसंती, जमिनीवर टाकल्या म्हणजे नापसंती. एवढा गजर मला कोणत्याही कादंबरीला मिळाला नव्हता. मला फार बरं वाटलं. लाज वाटते लिहायला, पण वाटलं. सगळ्यांनी चिरुटं पुन्हा पेटवली, औषध निघालंय म्हटल्यावर आता काय, आणि खिडकी परत दिसेनाशी झाली. तुझ्या लेखाचं दीड पान राहिलं होतं. त्या दीड पानाचा पहिला शब्द होता 'परंतु'.

ते दीड पान बुधवारी वाचायचं होतं. पण बुधवारी सकाळी वरच्या ऑफिसातून चिठ्ठी निघाली, की सोमवारपासून प्रत्येकाने रोज आठ चिरुटं जास्त वळायची. ती जिन्याच्या वरच्या टोकाला निघाली आणि खालच्या टोकाला पोचलीच नाही. शिपायाला जिन्याच्या तळाशी कागदाच्या बारीक बारीक पट्ट्या सापडल्या, अगदी सफाईने कापलेल्या, चांगल्या सुरीशिवाय तसं काम होत नाही. मॅनेजरने दुसरी चिठ्ठी पाठवली, तिच्याही पट्ट्या झाल्या. मॅनेजर खाली आला. (नवीन आहे, शहरातला आहे, आणि त्याला चिरुटाचा वास सोसत नाही. चिरुटाच्या कारखान्याला असा मॅनेजर कुणी दिला ते देवच जाणे.) त्याने विचारलं, हे कोणी केलं. क्लोतिल्दे उभी राहिली आणि म्हणाली, "साहेब, हुकूम तुमच्या वहीत जसाच्या तसा आहे. वहीला आम्ही हात लावलेला नाही. फक्त चिठ्ठी खाली पोचली नाही." मॅनेजरने हे वाक्य कुठून आलं याची चौकशी केली, आणि दहा मिनिटांत मी त्याच्या टेबलासमोर हात बांधून उभा होतो. मला लेखी हुकूम मिळाला, की यापुढे हॉलमध्ये शास्त्र वाचायचं नाही, आणि तो विशिष्ट लेख तर अजिबात नाही. मी म्हटलं, साहेब, दीडच पान राहिलंय, आणि खरं ते त्याच दीड पानात आहे. तो म्हणाला, "अर्ध्या लेखाने जिन्यात हे झालं. पूर्ण लेखाने कारखाना शिल्लक राहणार नाही." फारच आग्रह असेल तर अर्ज करा, वरून शिक्का यायला दहा-बारा दिवस लागतील. मी म्हटलं, तेवढा वेळ हॉल थांबणार नाही. तो म्हणाला, "उंदरांना घाई आहे का?"

घाई कुणाला आहे ते मला त्या क्षणी तरी नीट कुठे माहीत होतं. आता तुला एक सांगायचंय, आणि ते सांगू नकोस अशी मला शपथ घातलेली आहे, तेव्हा मी शपथ मोडतोय हे ध्यानात घेऊन वाच. तुझ्या मिग्दालिया आत्याचा नवरा, एलादिओ, आमच्या तिसऱ्या रांगेतला, त्याच्या उजव्या फुप्फुसात गाठ आहे. कॅन्सर आहे. तपासून झालंय. हरभऱ्याएवढी आहे, एकटीच आहे, दुसरीकडे कुठे गेलेली नाही, आणि डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, आत्ता कापून काढली तर हा माणूस नातवंडांची लग्नं बघेल. तुला कळू द्यायचं नव्हतं, कारण तू अकरा वर्षं त्याला चिरूट सोड म्हणतेयस आणि 'आतोबा, मी सांगत होते' हे त्याला तुझ्या तोंडून ऐकायचं नव्हतं. ऑपरेशनला हो म्हणायला त्याने सात आठवडे घेतले. त्या सात आठवड्यांत मिग्दालियाने रडून पाहिलं, संत लाझारोला नवस बोलून पाहिला, शेवटी त्याच्या ताटात काळ्या घेवड्याची उसळ वाढणं बंद केलं, तेव्हा तो हो म्हणाला. हवानाच्या इस्पितळात या गुरुवारी सकाळी सातची वेळ मिळाली. मी त्या दिवशी घरी येऊन पलंगावर बसलो आणि लहान मुलासारखा रडलो, कारण दादाच्या वेळी कळलं तेव्हा गाठ लिंबाएवढी झाली होती आणि कुणाच्या हातात काही उरलं नव्हतं. तुझ्या बाबांच्या बाबतीत आपल्याला जे मिळालं नाही, ते या वेळी मिळालं होतं.

बुधवारी संध्याकाळी एलादिओ माझ्या दारात आला, शीळ घालत. म्हणाला, "वाचकबुवा, ते ऑपरेशन रद्द. सुरी आणि चिठ्ठी यात मी चिठ्ठी पसंत केली."  मी धावत आत गेलो, ते दीड पान आणलं, आणि त्याला स्वयंपाकघरात बसवून सगळं वाचून दाखवलं. परंतु हे उंदरांतलं आहे. परंतु माणसाच्या रक्तात ती चिठ्ठी काही मिनिटांत विरून जाते, उरली तर यकृत गिळून टाकतं, फुप्फुसापर्यंत पोचवायची कशी हेच अजून नीट सुटलेलं नाही. परंतु तीन उंदरांत गाठ उलट वाढली. परंतु माणसावर उपयोग होईल की नाही ते कळायला बरीच वर्षं जातील. सगळे परंतु वाचले, एकही गाळला नाही. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "चौथऱ्यावर टाय लावून वाचलंस ते वाचन. इथे पायजम्यात बसून वाचतोयस ती मेहुण्याची बडबड."

मी म्हटलं, अरे बाबा, कागद बघ, एकाच माणसाने लिहिलेला एकच लेख आहे. तर म्हणतो कसा, "लिहिलेलं आणि तू वाचलेलं यात फरक असतो, ते सगळ्या हॉलला माहीत आहे. गेल्या वर्षी त्या विधवेचं डॉक्टरशी लग्न लावून दिलंस ना? क्लोतिल्देच्या भाचीकडे ते पुस्तक आहे. त्यात ती पुलावरून उडी टाकते."  इदाल्मिस, हे खरं आहे. लावून दिलं. बायका चार दिवस रडत होत्या, पानं ओली होत होती, मी काय करणार होतो? त्याआधी एका खलाशाला बुडता बुडता वाचवला, एका लंगड्या घोड्याला बरं केलं. मला वाटायचं कुणाला कळत नाही. सगळ्यांना कळत होतं आणि कुणी बोलत नव्हतं, कारण त्यांना ते आवडत होतं. आणि त्याचं फळ असं, की आयुष्यात पहिल्यांदा मी एक अक्षरही न बदलता खरं वाचलं, तर माझा मेहुणा म्हणाला, "तेव्हा मॅनेजर जुना होता, म्हणून सुखाचं घातलंस. आता नव्याला खूष करायला दुःखाचं घालतोयस." क्लोतिल्देला साक्षीला बोलावलं, तर तिने त्याचीच बाजू घेतली. तिच्या मते 'परंतु' हा शब्द माझ्या फार आवडीचा आहे, मी तो कुठेही घालतो.

शुक्रवारी इस्पितळाला नकार कळवायला तो मला पोस्टाजवळच्या फोनवर घेऊन गेला, कारण औपचारिक बोलणं त्याला जमत नाही. माझ्या शेजारी कान टवकारून उभा राहिला. मी फोन लावला, आणि अतिशय अदबीने, पूर्ण नाव घेऊन कळवलं, की श्री. एलादिओ कोर्देरो हे गुरुवारी शस्त्रक्रियेला येणार नाहीत, तसदीबद्दल क्षमा असावी. ते ऐकून तो खूष झाला आणि मला गाडीवरचा एक तळलेला क्रोकेता खाऊ घातला. तेव्हापासून तो गावभर खोकत आणि हसत फिरतोय. उंदरांना बरं वाटतं तर मला का वाटणार नाही, असं भेटेल त्याला सांगतो. एकतीस वर्षांत दोनशे माणसांनी माझ्यावर इतका विश्वास टाकला असेल याची मला कल्पना नव्हती, आणि तो नको तिथे इतका पक्का बसेल याची तर मुळीच नव्हती.

तर असा सगळा प्रकार आहे. तुझ्या लाल पेनाचं ऐकलं असतं तर ही वेळ आली नसती, हे मी लेखी कबूल करतो. रागव, पण जेवून मग रागव. प्रयोगशाळेतल्या वडीलधाऱ्यांना माझा नमस्कार सांग आणि स्वतःला जप.

तुझा अपराधी,
ओनेलिओकाका

ता. क. पत्र घेऊन आलेला माणूस एलादिओच आहे, हे तुला दार उघडल्याबरोबर कळलं असेलच. आता चेहरा बदलू नकोस, तो बघतोय. इस्त्रीचा ग्वायाबेरा सदरा घालून तुझ्या खुर्चीच्या कडेवर बसला असेल. त्याची समजूत आहे, की ही सगळी पानं म्हणजे त्याच्यासाठी औषधाची शिफारस आहे. चष्मा त्याच्याकडे नाही, तो मिग्दालियाने लपवलाय. हे लिहीत असताना तो माझ्यासमोर बसून दर पाच मिनिटांनी विचारत होता, "कुठवर आलास?" मी म्हणत होतो, "तुझ्या गुणांवर आलोय." चौथ्यांदा विचारलं तेव्हाही मी गुणांवरच होतो, तर म्हणाला, "एवढे आहेत?" आणि जरा हळवा झाला. तेव्हा मधूनमधून मान डोलाव, कौतुकाने वाचतेयस असं दिसू दे.

आणखी एक ता. क. ऑपरेशन रद्द झालेलं नाही. मी फोन इस्पितळाला लावलाच नव्हता, फोनवर घड्याळाची वेळ सांगणाऱ्या बाईला लावला होता. श्री. कोर्देरो येणार नाहीत असं मी तिला कळवलं, त्यावर ती म्हणाली, बरोबर दहा वाजून वीस मिनिटे झाली आहेत. मी तिचे आभार मानले. खाट आहे, डॉक्टर आहे, गुरुवारी सकाळी सातची वेळ आहे. बुधवारी दुपारी बारापर्यंत दाखल व्हायचं आहे. तुझ्या घरापासून बसने चार थांबे. तुला हे पत्र सोमवारी रात्री मिळेल, म्हणजे तुझ्याकडे दीड दिवस आहे.

पुन्हा ता. क. करायचं एवढंच, की ते दीड पान तू त्याला वाचून दाखव. (शेवटच्या पानामागे टाचलंय.) तू लिहिलंस, तू वाचलंस, की त्याला पळवाट राहणार नाही. पण घरच्या कपड्यांत वाचू नकोस. तुझा तो पांढरा कोट घाल, उभी राहा, जमलं तर स्टुलावर उभी राहा, आणि मोठ्याने वाच. त्याला एकोणतीस वर्षं वरून ऐकायची सवय आहे. माझ्यासारखं गोड करू नकोस, घाबरवण्यासाठी कडूही करू नकोस. तुझं काम चांगलं आहे, ते एक दिवस कुणाच्या तरी कामी येईल, हेही त्याला सांग, कारण ते खरं आहे आणि ते ऐकून मलाही बरं वाटेल. पण त्याची गाठ तुझ्या उंदरांसाठी थांबणार नाही. ती आज हरभरा आहे, ती उद्याही हरभराच राहील असं कुणी लिहून दिलेलं नाही. वाचून झालं की गप्प बस. तो काही वेळ छताकडे बघेल. तेव्हा त्याला एकटं सोडू नकोस, बोलायला लावूही नकोस.

शेवटचं ता. क., मिग्दालियाच्या सांगण्यावरून. त्याच्या मांडीवर दोरीने बांधलेली जी लाकडी पेटी आहे, ती तो तुमच्या संचालकांना द्यायची म्हणेल. त्याने स्वतः वळलेली पंचवीस उत्तम चिरुटं त्यात आहेत असं त्याला वाटतंय. ती संचालकांना देऊ नकोस. पेटी आम्ही रात्रीतून बदललीय. त्यात त्याचे इस्पितळाचे कागद, एक्स-रेचा अहवाल, धुतलेला पायजमा, सपाता आणि दात घासायचा ब्रश आहे. सगळ्यात वर मिग्दालियाने घेवड्याचा रिकामा डबा ठेवलाय आणि त्यात चिठ्ठी आहे, 'परत आलास की भरून वाढीन.' ती चिठ्ठी मात्र त्याला मिळू दे.

हे खरोखरच शेवटचं. मी आणि मिग्दालिया बुधवारी सकाळच्या गाडीने येतोय. रजेच्या अर्जात मी दातदुखी लिहिलीय, मॅनेजरला दाताची काळजी वाटली. मला झोप लागत नाही, इदाल्मिस. इतकी भीती मला दादाच्या वेळीसुद्धा वाटली नव्हती, कारण तेव्हा चूक माझी नव्हती. हे एलादिओला कळू देऊ नकोस. कळलं तर तो मलाच धीर देत बसेल, आणि गुरुवारचे सात वाजून जातील.